मागच्या दाराचा स्पीकर

"पुन्हा जाळलात, ताई?" मिस्त्रीने गाडीच्या पुढच्या दारातून काढलेला स्पीकर तिच्यासमोर धरला. करपट वास आला. "भट्टीवर ठेवता की काय?"

शेजारच्या शेडमध्ये डेंटिंगवाला पत्रा ठोकत होता. त्यामुळे मिस्त्रीला सगळं ओरडूनच बोलायची सवय.

"अरे, जरा दम खा की!" तो तिकडे वळून ओरडला.

"तू तसाही बहिरा! तुला काय फरक पडतो?" तिकडून उत्तर आलं, आणि पाठोपाठ हातोड्याचा ठोकाही.

मिस्त्रीने डिकी उघडली. आत स्पीकरला ताकद देणारा अॅम्प होता; त्याच्यावरचा गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळलेला होता.

"हे तुमचंच काम?"

"ऐकू येत नव्हतं."

"अहो, हे आवाज वाढवायचं बटण नाही. गेन फार चढवला की आवाज फाटतो, आणि फाटका आवाज स्पीकर जाळतो. एवढी कसली गाणी ऐकता?"

"गाणी नाही लावत."

ती मागच्या सीटकडे बघत होती. तिथे लहान मुलाची खुर्ची अजून बांधलेली होती. खुर्चीत दुपट्याची घडी.

"माझी मुलगी गाडीतच झोपायची. घरी पाळण्यात नाहीच. किल्ली फिरवली की मान कलंडायची." तिने मागच्या दारातल्या स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला. "ती गेली, त्यानंतरही या मागच्या दारातून तिचा श्वास यायचा. हल्ली अगदी बारीक झाला, म्हणून स्क्रू पिळत गेले. आता नुसती खरखर येते. बाकीचे सगळे जळले, जुना हा एवढाच राहिलाय. हा जळू देऊ नका, दादा."

काहीतरी चेष्टा मिस्त्रीच्या ओठावर आली होती. ती त्याने गिळली.

त्याने गेन पार खाली आणला. मग एकसुरी आवाजाची टेप लावली आणि मान तिरपी करून स्क्रू केसभर केसभर फिरवत गेला. सूर जरासा खरवडला, तसा तिथून थोडा मागे आणून त्याने हात काढला. "आता कितीही वाजवा, जळायचा नाही." टेप बंद केली. शेजारचा हातोडाही थांबला होता. डेंटिंगवाला डबा खायला बसला असावा.

खरखर गेली होती. तिचा चेहरा उतरला.

"काहीच नाही उरलं," ती म्हणाली.

"खरखर अॅम्पचीच होती, ताई. बघा, दाखवतो." त्याने अॅम्पची मुख्य वायर उपटली. दिवा विझला. खात्रीसाठी तो मागच्या दारापाशी उकिडवा बसला आणि जाळीला कान लावला.

तो तसाच बसून राहिला.

वायर त्याच्या हातात होती. त्याने ती एकदा पाहिली, पुन्हा कान लावला. आत कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. मध्येच एक लहानसा उसासा, आणि पुन्हा तीच लय.

त्याने तिला हाताने खाली बोलावलं. ती जाळीपाशी वाकली आणि तिने डोळे मिटले.

शेजारी हातोडा पत्र्यावर आदळला. मिस्त्री दचकून उठला, अनवाणीच पलीकडे धावला आणि त्याने डेंटिंगवाल्याचा हात वरच्या वर धरला.

"हळू," तो कुजबुजला. "आत्ताच डोळा लागलाय पोरीचा."