भरितातली साल

भरिताचा पहिला घास घेताच ढाकेबाई थबकल्या. मुलाला घेऊन त्या मुलगी बघायला आल्या होत्या.

"वांगं कशावर भाजलंत?"

"उकडून वर बाटलीतला धुराचा अर्क घातलाय," मुलीची आई घाईघाईने म्हणाली.

ढाकेबाईंचा मुलगा मान वर करून हुंगू लागला. तो सरकारच्या शून्य खात्यात नोकरीला होता. देश शून्य उत्सर्जनावर आल्यापासून घरात जाळ करणाऱ्याची वीज हेच खातं वर्षभर तोडायचं.

तेवढ्यात ढाकेबाईंच्या बोटांना करपलेल्या सालीचा तुकडा लागला. बाटलीतल्या धुराने साल करपत नाही.

"काय आहे गं आई?" मुलाने हात पुढे केला.

"मोहरी," म्हणत त्यांनी साल गिळून टाकली. "मुलगी पसंत आहे आम्हाला. भरीत वाढा अजून."

मुलगा मात्र आईच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिला.