दोन मायक्रॉन

आकडा एकोणीस आला. भाचीने स्फटिक बदलून तीनदा मोजलं, यंत्रावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. एकोणीस मायक्रॉन.

मामाच्या सिद्धांताप्रमाणे यायला हवे होते दोन.

तांब्याच्या ऑक्साइडचा हा थराथरांचा स्फटिक साध्या धातूंच्या मानाने कितीतरी कमी थंडीत विजेचा सगळा विरोध सोडून देतो. का, यावर जगभर डोकेफोड चालली होती. मामाचं म्हणणं, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एका थरातून दुसऱ्यात उड्या मारतात, सगळी करामत तिथेच आहे. तसं असेल तर चुंबकीय क्षेत्र थरांमधून आत शिरेल ते जेमतेम दोन मायक्रॉन. या दोनवरून तो बावीस वर्षं लोकांशी भांडला होता.

प्रयोगशाळेची शिस्त अशी, की सिद्धांतवाल्याने आपला आकडा आधीच बंद पाकिटात द्यायचा आणि मोजून झाल्यावरच ते फोडायचं. मागाहून ‘मी हेच म्हणत होतो’ नको. मामाचा आकडा शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तरी महिन्यापूर्वी, मोजणी सुरू व्हायच्या आधी, त्याने मामीच्या हाती जुनं पाकीट परत मागवून नवं पाठवलं होतं. भाची हसली होती. मामाचं सगळंच काटेकोर.

आज त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात मामीने तिला दाराशीच गाठलं.

“महिनाभर झोप नाही, जेवण नाही, नुसते कागद खरडतायत. काहीतरी चांगलं सांग गं बाई.”

“किती आला?” मामाने तिला बसूही दिलं नाही.

भाचीने मामीकडे पाहिलं. खरं काय, ते बरा झाल्यावर सांगता येईल.

“दोन,” ती म्हणाली.

मामाने उशाशी पडलेले खरडलेले कागद पालथे घातले.

“नीट मोजलंस?”

“तीनदा. स्फटिक बदलून.” एवढं तरी खरं होतं.

“मग झालं तर. तुझा हात चुकायचा नाही.” त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “चिमणे, ते पाकीट फाडून टाक. उघडूही नकोस.”

ट्रॉली आली, मामाला आत नेलं, दारावरचा लाल दिवा लागला. भाचीला हायसं वाटलं. मामासमोर फोडायला म्हणून आणलेलं पाकीट तिने पर्समधून काढलं आणि कचऱ्याच्या डब्याशी जाऊन फाडलं. आतल्या कागदाचा तुकडा खाली पडला, तो तिने उचलला.

मामाचंच अक्षर. “जुन्या गणितात माझी चूक होती. ती सुधारली की दोन नव्हे, एकोणीस.”