जुना रहिवासी

चामोर्शीकडच्या जंगलालगतची धानाची बांधी भैयाजीचं घर आज्याच्या वेळेपासून कसत होतं. तरी वनजमिनीच्या पट्ट्याचा त्याचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. पंच्याहत्तर वर्षांच्या रहिवासाचा पुरावा नाही म्हणे.

त्याच आठवड्यात नागपूरचे एक प्राध्यापक आले आणि बांधीच्या धुऱ्यावरच्या दगडातला शिंपला भिंगातून पाहून हरखले.

"भाऊ, इथं उथळ समुद्र होता. हा कोट्यवधी वर्षांपासून इथंच आहे!"

"कागद हाये का त्याच्यापाशी?" भैयाजीनं सवयीनं विचारलं.

"कागद कशाला? तो स्वतःच पुरावा आहे."

महिनाभरात बांधीभोवती तारेचं कुंपण पडलं, सरकारी पाटी लागली. बायकोला, भागीरथाबाईला, वाचता येत नव्हतं. तिनं कुंपणाबाहेरून भैयाजीला विचारलं, "कोणाच्या नावानं झाली जी जमीन?"



"शिंपल्याच्या."