सलग हजेरी

"एक्केचाळीस, मालन केणे."

"हजर." मागच्या ओळीतून दबका आवाज आला.

"बेचाळीस, शांता नार्वेकर."

"हजर!"

शांताबाईंचा आवाज असा कडाडला की पुढे बसलेल्या शीलाबाई दचकून वळल्या.

"अहो, हळू. आम्ही म्हातारे झालोय, बहिरे नाही."

"बहिरेच आहात सगळे," शांताबाई म्हणाल्या आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पिशवीत ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा फॉर्म होता. भरायचा आज शेवटचा दिवस, आणि त्या आल्या होत्या तो फाडायला.

चिटणीस सहदेव राऊळ वहीतून मान वर न काढता नावं घेत होते. आवाज आला की टिक. ऐंशी नावं, ऐंशी टिका.

आधीचे चिटणीस परशुरामकाका यांच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा संघाला हॉल कुठला? मोकळ्या प्लॉटवर चिंचेखाली सतरंजी टाकून बसत. काका प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून नाव घ्यायचे. एकटे राहणारे कुलकर्णी मास्तर घरात मरून पडले आणि वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही, तेव्हा काकांनीच नियम केला. एकटा राहणारा सभासद दोन दिवस हजेरीला आला नाही, तर तिसऱ्या दिवशी संघाचा माणूस त्याच्या दारात उभा. त्या नियमासाठीच शांताबाई आणि मालन एकाच दिवशी सभासद झाल्या. दोघी विधवा, दोघी एकट्या. मालन इथल्याच जुन्या गावठाणातली, शांताबाई टेंभी नाक्यावरून लग्न होऊन डोंबिवलीत आलेल्या.

आणि महिन्याभरापूर्वी काय झालं? शांताबाई तापाने फणफणून पडल्या. उठून पाणी घ्यायचं त्राण नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. संघाचं काळं कुत्रंही फिरकलं नाही. चौथ्या दिवशी जिना झाडणाऱ्या गोदूबाईने दाराशी साठलेल्या दुधाच्या पिशव्या पाहिल्या आणि बोंब मारली, म्हणून त्या वाचल्या.

मग हॉस्पिटल. मग घोडबंदर रोडला सर्वेशच्या, म्हणजे मुलाच्या, बाविसाव्या मजल्यावर पंधरा दिवस. तिथे खिडकीतून माणसं मुंगीएवढी दिसत आणि दुपारी घरात फक्त फ्रीज बोले. रविवारी हट्टाने त्या घरी परतल्या.

"आई, संघ लक्ष ठेवतो म्हणून मी तुला तिथे एकटी राहू दिलं," सर्वेश निघताना म्हणाला होता. "आता काय सांगशील?"

"त्यांना जाब विचारते. उत्तर नाही मिळालं, तर घराला कुलूप लावून तुझ्याकडे येते. बास?"

शब्द दिला होता. सत्तेचाळीस वर्षांचं घर त्या फॉर्मला टांगलेलं होतं.

सर्वांत जास्त राग मालनचा. परकी माणसं विसरली, एक वेळ चालेल. पण जिच्या बाळंतपणात शांताबाईंनी रात्री जागवल्या, तिचा एक फोन नाही? शांताबाईंनी अबोला धरला होता. तिच्या गल्लीतूनसुद्धा जायचं नाही.

प्रार्थना संपली. माणसं पांगली. शांताबाईंनी फॉर्म सहदेवरावांच्या टेबलावर आपटला.

"हा घ्या. घाला चुलीत."

"काय झालं शांताताई?"

"काय झालं? मी मरायला टेकले होते आणि तुम्ही इथे टाळ्यांचे व्यायाम करत होतात! कुठे गेला काकांचा नियम?"

"कधीची गोष्ट?"

"गेल्या महिन्यातली. आठ, नऊ, दहा तारीख. बघा तुमच्या पोथीत."

सहदेवरावांनी पानं उलटली. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. मग वही त्यांच्याकडे फिरवली.

"आठ, हजर. नऊ, हजर. दहा, हजर. त्याच्या पुढेही रोज हजर. आम्ही माणूस पाठवायचा तरी कशाला?"

"खोटं आहे हे!"

"खोटं मी लिहीन? नाव घेतलं, आवाज आला, टिक केली. आता तुम्हीच सांगा, तुमच्या नावाला हजर कोण म्हणालं?"

शांताबाईंनी वही जवळ ओढून टिका पाहिल्या.

वर्षभर सलग हजेरी असली की वर्धापनदिनी व्यासपीठावर बोलावून शाल देत. दोन वर्षं दोघींनी शाल घेतली होती. एक आली नाही, तर दुसरीने जरा आवाज बदलून हजर म्हणायचं, हा दोघींचा ठराव. मालनला वाटलं असणार, ही गेली लेकाकडे. तिने इमानेइतबारे मैत्रिणीची शाल वाचवली होती.

"मूर्ख बाई!" शांताबाई म्हणाल्या. "शालीपायी माझा जीव घेतला असता तिने."

"कोणी?"

"मालनने! चांगली फैलावर घेते तिला. सोमवारपासून तोंड लपवून बसली आहे."

"तोंड कुठलं लपवतायत?" सहदेवरावांनी वहीवर बोट ठेवलं. "मालनबाई सोमवारपासून रोज हजर आहेत. आजसुद्धा होत्या."

शांताबाई पिशवी तिथेच टाकून दाराकडे धावल्या. अबोला असला तरी ठराव मोडायचा नाही, म्हणून सोमवारपासून रोज मालनच्या नावाला त्याच हजर म्हणत होत्या.