नवव्या मजल्यावरचा हात

दत्ताच्या पत्राला सहा वर्षं होऊन गेली, तरी निवृत्त अभियंता जयंतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. जर्मनीत बॉनमधल्या इमारतीला नवव्या मजल्यावर काच बसवताना उचलणाऱ्या यंत्राची पकड सुटली होती. बोल्ट आवळेपर्यंत दत्ताने ती काच करंगळी नसलेल्या डाव्या हाताने पेलून धरली होती. ‘साहेब, पुण्यात आलो, तरी हातावरचं वजन उतरत नाही. दुसरं काम जमत नाही. काच पक्की बसलीय ना? तेवढं कळवा.’

तपासणीवर सही जयंतरावांची होती. त्यांचाच तिच्यावर विश्वास नव्हता.

त्याच इमारतीत नोकरीला लागलेली पुतणी स्पृहा २००७च्या नोव्हेंबरात त्यांना वर घेऊन गेली.

“काका, हा ठसा पुसला जातच नाही. आल्झो... म्हणजे, तो बाहेरून आहे. आणि बाहेर उभं राहायला जागा कुठाय?”

धुक्याने ओलावलेल्या काचेवर डावा पंजा उमटला होता. बोटं चारच होती.

जयंतरावांनी एकेक बोल्ट, कडेचं सगळं रबर चाचपलं. काच तसूभरही हलली नाही. मग त्यांनी भीतभीत ठशावर तळवा टेकवला. तेवढीच काच कोमट होती.

खाली येऊन त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं, ‘दत्ता, काच पक्की बसलीय. आता हात काढ.’

पिवळ्या टपालपेटीत पाकीट पडलं आणि मोबाईल वाजला.

“काका,” स्पृहा कुजबुजली, “काचेवरची बोटं एकेक करून सुटतायत.”