तिसरा आकडा

डेल्बर्ट दोन्ही हातांत सँडविचेस घेऊन परतला, तेव्हा परीक्षक गाडीचं दार उघडून गुडघ्यांवर बसला होता आणि दाराच्या खांबावरच्या पत्र्याच्या पट्टीवर टॉर्चचा झोत टाकत होता.

"नुसती उभी करायची असं ठरलं होतं ना आपलं?" डेल्बर्ट बायकोला म्हणाला.

"दरवर्षी नुसतीच उभी करतो," वँडा म्हणाली. "यंदा मी अस्सल गाड्यांच्या रांगेत नाव दिलं. तू खायला आणायला गेलास तेवढ्यात. तू असतास तर तुझं सुरू झालं असतं, स्पर्धा म्हणजे नसती भांडणं."

टिप्टनच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं आणि ऊन तापलं होतं. रांगेतल्या सगळ्या गाड्या साठच्या दशकातल्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी. वँडाची निळी शेव्हेल मधोमध होती, पुढच्या जाळीवर एसएस ही दोन अक्षरं. शेव्हेलमधली एसएस म्हणजे शर्यतीला सुटलेलं जनावर आणि मॅलिबू म्हणजे बाजारहाटाची गाडी. दिसायला मात्र दोघी सख्ख्या बहिणी.

वँडा जमलेल्या लोकांना सांगत होती. "हा व्हिएतनामात आणि मी टोमॅटोच्या कारखान्यात डबे भरतेय. पत्रांत दुसरा विषय नाही, एसएस, एसएस. मला वाटायचं, उद्या मी मेले तरी हा विचारेल, बरं, एसएसचं काय झालं? मग घेतलीच मी. जुनी, पण एसएस. हा परत आला त्या दिवशी नेऊन उभी केली बसस्टँडवर. तर हा बाबा उतरला तो सरळ गाडीकडे! माझ्याकडे नंतर."

लोक हसले. परीक्षक उठला. रॉजर प्रुइट त्याचं नाव, चाळिशीचा, भला माणूस. त्यानं गुडघे झटकले.

"मॅडम, गाडी फार सुंदर ठेवलीय तुम्ही," तो म्हणाला. "पण ही एसएस नाहीये."

"काय?"

"नंबरातला तिसरा आकडा बघा. एसएस असती तर इथे आठ असता. हा सहा आहे. कंपनीतून ही मॅलिबू म्हणून निघाली. ती अक्षरं मागाहून कुणीतरी लावलीत."

हसणाऱ्यांतले एकदोघे उगाचच शेजारची मस्टँग बघायला सरकले. वँडानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या सँडविचमधून सॉस ओघळून मनगटावर आला होता आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"आल्यावर दुसऱ्या दिवशी धुवायला काढली ना, तेव्हा दिसलं."

"आणि मी आयुष्यभर सांगत फिरले! चर्चमध्ये सांगितलं. तुझ्या आईच्या मयताला सांगितलं!"

"तिथे तर लोकांना तेवढंच बरं वाटलं."

"हसवू नकोस मला, डेल."

प्रुइट अवघडून उभा होता. "एक समजत नाही," तो म्हणाला. "इंजिन तर एसएसचंच आहे. ते कुठून आलं?"

डेल्बर्टनं सँडविचेस टपावर ठेवली. "आमच्या जेनीच्या जन्माच्या वेळी ही दवाखान्यात होती," तो म्हणाला. "कोकोमो गावच्या भंगारात एक ठोकलेली एसएस आली होती. हिचा भाऊ आणि मी लागलो कामाला. म्हटलं, हिचा शब्द निदान बॉनेटखाली तरी खरा असू दे. तो आकडा तेवढा राहिला. त्याला हात लावला तर तुरुंग."

"म्हणून तुझे हात काळे होते," वँडा हळूच म्हणाली. "आई म्हणाली होती, बाप झाला तरी मेल्याला हात धुवायची अक्कल नाही."

मग तिचा चेहरा पडला. "गाडी विकणाऱ्या त्या माणसानं मला खुर्ची दिली होती, डेल. लिंबाचं सरबत दिलं होतं. मी बॉनेटवर टिचकी मारून बघितली होती. सगळं कळत असल्यासारखी."

डेल्बर्टनं शर्टाला मनगट पुसलं.

"बसमधून उतरलो ना मी," तो म्हणाला, "तेव्हा पाय लटपटत होते. तू समोर होतीस, आणि तुझ्यापर्यंत धड चालत येईन असं वाटेना. म्हणून आधी गाडी धरली. कुठली होती ते मी बघितलंसुद्धा नव्हतं."

वँडानं त्याच्या शर्टावरचा सॉसचा डाग बोटानं पुसला.

"साध्या गाड्यांच्या रांगेत जागा आहे," प्रुइट म्हणाला. "तिकडे हलवू या का?"

"कुठेही हलवायची नाही," वँडा म्हणाली. तिनं बॉनेट खाली घेतलं आणि धाडकन मिटलं. "डेल, किल्ली दे. आणि ते टपावरचं आत घे."

गावाबाहेर रस्ता दोन्ही बाजूंच्या मक्यातून सरळ जातो. वँडा गाडी चालवत होती. मग तिनं आरशात पाहिलं, पुढे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"डेल."

"काय?"

"ही खरी एसएस असती, तर आत्ता काय केलं असतं रे हिनं?"

त्याचं उत्तर यायच्या आत तिनं पाय दाबला. गाडीनं नाक उचललं, डेल्बर्ट सीटवर मागे आदळला, आणि त्याची टोपी खिडकीतून उडून मक्यात गेली.

"हेच!" तो ओरडला. "हेच, वँडा!"

टोपीसाठी तिनं गाडी थांबवली नाही.