आतल्या बाजूचं नाव

कापसाचा बर्फ बोर्डाच्या खालच्या कडेला चिकटवून झाला, तरी चिमणीच्या आईची नजर टेबलावरच्या हातमोज्यांवरून हलत नव्हती.

हातमोजे कागदाचे होते. लाल, निळे, पिवळे. तिसरीच्या मुलांनी आपापला हात कागदावर ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून कापलेले. हिवाळ्याची सुट्टी लागायच्या आधी बाई दर वर्षी वर्गाचा बोर्ड असाच सजवत. वर पांढरी हिमफुलं, खाली बर्फ आणि मध्ये दोरीवर वाळत घातल्यासारखे हातमोजे. प्रत्येकानं आपल्या हातमोज्याच्या आतल्या बाजूला वर्गातल्या एकाचं नाव लिहायचं आणि ते कोणाला सांगायचं नाही. नाव भिंतीकडे, रंग वर्गाकडे. शाळा पुन्हा भरायच्या आदल्या दिवशी बोर्ड उतरवताना बाई ती नावं वाचत.

चिमणीनं हे जेवताना सांगितलं होतं. "तू कोणाचं लिहिलंस?" आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोणाचंच नाही," चिमणी म्हणाली. "कोणी आठवलंच नाही." आणि तिनं आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं.

आईनं मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. अर्धं वर्ष सरलं आणि लेकीपाशी लिहायला एक नाव नाही. तिला संशय होताच. शाळा सुटली की चिमणी एकटीच बाहेर यायची. बाकीची मुलं दारातच घोळक्यानं थांबलेली असत. चिमणी फाटकापर्यंत पोचली की मगच हलत. बाकावरही तिच्या शेजारी कोणी बसत नव्हतं. "मला जागा लागते," असं चिमणी सांगायची आणि केवढीशी पोर दुःख कसं गिळते, असं आईला वाटायचं. बाबांपुढे विषय काढला तर ते म्हणत, तू राईचा पर्वत करतेस. पुरुषांना पर्वत अंगावर आल्याशिवाय दिसत नाही, असं तिचं मत होतं.

म्हणून सजावटीला मदत हवी असा शाळेतून निरोप आला, तेव्हा सगळ्यांत आधी हिनं होकार कळवला. येताना पर्समध्ये घरीच कापलेला एक हिरवा हातमोजा आणला. आत चिमणीचं नाव. शाळेतही सगळे तिला चिमणीच म्हणत. अक्षर डाव्या हातानं काढलेलं, लहान मुलाचं वाटावं असं. निदान एका ठिकाणी तरी पोरीचं नाव निघू दे.

बाई रंगीत दोरी आणायला खाली गेल्या. मदतीला आलेली दुसरी आई, जुळ्या मुलींची, खिडकीशी बसून हिमफुलं कापत होती. चिमणीच्या आईनं तिच्याकडे पाठ केली, पर्सची चेन हळूच उघडली आणि हातमोज्यांचा गठ्ठा पुढे ओढला. आपला त्यात घालायच्या आधी एक बघावा म्हणून वरचा लाल उलटला.

चिमणी.

तिनं दुसरा उलटला. चिमणी. पिवळा, चिमणी. निळ्यावर कोणीतरी 'चीमणी' लिहिलं होतं, पण होती तीच. एक कोरा निघाला, तो कोणाचा हे तिला ठाऊक होतं. बाकी गठ्ठाभर हातमोज्यांत दुसरं नाव अगदी क्वचित.

तिचा जीव भांड्यात पडला. भांडंसुद्धा लहान पडावं असा पडला. हिरवा हातमोजा तिनं पर्सच्या तळाशी चुरगळून टाकला आणि उगाचच खोकून घसा मोकळा केला.

"तुम्ही चिमणीच्या आई ना?" जुळ्यांच्या आईनं मान वर न करता विचारलं.

"हो. का हो?"

"काही नाही. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ तिचंच नाव असतं. दोघी तिला विचारल्याशिवाय डबा उघडत नाहीत, ताई."

"अगंबाई! एवढी लाडकी आहे का?"

"लाडकी," जुळ्यांची आई म्हणाली आणि कात्री शोधायला उठली. कात्री तिच्या हातातच होती.

अबोल दिसतेय बिचारी, असं चिमणीच्या आईला वाटलं. एरवी तिनं त्यावरही दोन दिवस विचार केला असता, पण आज अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ती स्टुलावर चढली आणि एकेक हातमोजा टाचणीनं बोर्डावर लावू लागली. प्रत्येक वेळी आतल्या नावावरून अंगठा फिरवायचा आणि मग ते भिंतीकडे करायचं. घरी गेल्यावर बाबांना काय नि कसं सांगायचं, याची वाक्यंही तिनं जुळवून ठेवली. सुट्टीत या सगळ्या मुलांना घरी खेळायला बोलवावं, असंही तिच्या मनात आलं. जुळ्यांपासून सुरुवात करावी.

बाई दोरी घेऊन आल्या. बोर्ड पाहून, छान झालाय म्हणाल्या. जुळ्यांच्या आईनं कापलेली हिमफुलं टेबलावर ठेवली, घरी मुली वाट बघत असतील असं सांगितलं आणि ती गेली.

दोघीच उरल्यावर चिमणीच्या आईला राहवेना. वाचायचं नव्हतं, चुकलंच, पण आईचा जीव आहे, अशी प्रस्तावना करून तिनं सगळं सांगून टाकलं. आपल्याला लागून राहिलेली धास्ती, ते एकटं बाहेर येणं, रिकामा बाक. आणि आता हे.

"जवळजवळ सगळ्यांनी हिचंच नाव लिहिलंय हो, बाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

बाईंनी हातातली दोरी टेबलावर ठेवली. मुलांच्या बुटक्या बाकावर बसून त्यांनी तिलाही समोर बसायची खूण केली.

"नाव कशासाठी लिहायचं, ते चिमणीनं घरी सांगितलं नाही का?"

"नाही. मैत्रीसाठीच ना?"

बाई जपून म्हणाल्या, "मी मुलांना सांगितलं होतं, आत्ता ज्याची भीती वाटते, पण सुट्टीनंतर शाळेत येताना वाटू नये असं तुम्हाला वाटतं, त्याचं नाव लिहा."